जिच्या हाती डाव

भाचीनं दोन्ही पंजे ताटावर आडवे धरले आणि म्हणाली, "आत्या नको. आई वाढेल."

रविवारची दुपार होती. ताई दर रविवारी धाकट्या भावाकडे जेवायला यायची. भावजयीला शेजारणीनं दारातून हाक मारली म्हणून ती डाव भातात तसाच खोचून उठली होती, आणि मोकळा डाव दिसला की ताईचा हात आपसूक तिकडे जायचा, तसा तो गेला होता. डावात भात होता, डाव ताटाच्या वर अधांतरी होता, आणि खाली ते दोन छोटे पंजे.

"का गं? आत्याच्या हाताला काटे आहेत?" ताईनं विचारलं.

"तू वाढलंस की मापटं होतं." भाची आठ वर्षांची, ऐकलेलं जसंच्या तसं सांगायचं वय. "बाबा म्हणतात, मापटं-आत्या वाढायला लागली की उपाशीच उठायचं."

धाकटा आधी दचकला, मग मोठ्यांदा हसला. हसून वेळ मारून न्यायची त्याची लहानपणापासूनची सवय. "अगं, गंमत करायचो मी," तो म्हणाला, आणि गंमत आहे हे पटवायला म्हणून आणखी एक गंमत सांगू लागला. "ऐक. घरात अंडं एक आणि खाणारे चार. तर ही तुझी आत्या काय करायची, शिवणाचा दोरा घ्यायची. एक टोक दातात, एक हातात, आणि अंड्याचे सरळ चार भाग! सुरीनं कापलं तर पिवळं सुरीला लागून वाया जातं म्हणे. आणि तुझी ती परदेशातली आत्या भोकाड पसरायची, माझ्यात पिवळं कमी आलं म्हणून!" भाची खिदळली. तेवढ्यात भावजय आली, तिला पुन्हा सगळं सांगून झालं, तीही हसली. ताईसुद्धा हसली, खरं तर सगळ्यांत जास्त तीच हसली. डाव भावजयीच्या हातात गेला. भाचीनं ताटावरचे हात काढून घेतले.

घरी जाताना बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बाहेर बंद दुकानांच्या फळ्या मागे पडत होत्या. ताई आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली. सत्तावन्न वर्षांचा हात. कात्रीनं अंगठ्याच्या मुळाशी पाडलेला घट्टा, तर्जनीच्या पेरात कायमची बसलेली खडूची भुकटी. या हाताला इतक्या वर्षांत कुणी वाईट म्हटलं नव्हतं. उलट शाळांचे गणवेश शिवणाऱ्या ज्या कारखान्यात ती कापड बेतायची, तिथला मालक नव्या माणसाशी तिची ओळख करून देताना म्हणायचा, "बाईंच्या हाताखाली कापड वाढतं." चाळीस थर एकावर एक घालून वर खडूनं आखताना ती बाहीच्या पोटात कॉलर बसवायची, कॉलरच्या कडेला खिशाची पट्टी, कापून झालं की कातरण मूठभर निघायची. त्याबद्दल तिला मान होता. एकच हात. एका ठिकाणी त्याला हुशार म्हणतात आणि दुसरीकडे आठ वर्षांची पोर त्याच्यापासून आपलं ताट झाकून घेते. पोरीचं मनावर घ्यायचं नसतं, असं तिनं स्वतःला दोनतीनदा बजावलं. पण पोरीचं तिनं मनावर घेतलंच नव्हतं. मनावर घेतला होता तो धाकट्याचा दचका. हसायच्या आधीचा. गंमत असती तर माणूस आधी हसला असता.

ती तेरा वर्षांची असताना वडिलांचा काचेचा कारखाना बंद पडला. भट्टी एकदा विझली की पुन्हा पेटवायला फार लागतं, असं वडील सांगायचे; त्यामुळे ती विझली त्या दिवशीच सगळ्यांना कळलं होतं. मग आईनं इस्पितळात चादरी धुण्याचं काम धरलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी आई घरी आली, हात पाण्यानं पांढरे पडून सुरकुतलेले, आणि चुलीवर भाताचं पातेलं. पाच माणसांचा म्हणून शिजवलेला, पण खरं तर तिघांचा. आईनं झाकण काढलं, आत बघितलं, झाकण पुन्हा ठेवलं. "तू वाढ," ती ताईला म्हणाली. "माझा हात थरथरतो." त्यानंतर आईनं कधी वाढलं नाही. ओल्या चादरी पिळताना तो हात थरथरत नसे, हे ताईला एकदा इस्पितळात निरोप घेऊन गेली तेव्हा दिसलं होतं. जाड, डागाळलेल्या चादरी आई दोरखंडासारख्या पिळत होती. तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नाही. लागला तोवर आई राहिली नव्हती.

डावाचं एक शास्त्र असतं. ते तिला कुणी शिकवलं नाही, डोळ्यांनी शिकवलं. समोर बसलेल्यांच्या डोळ्यांनी. वाढणाऱ्याच्या तोंडाकडे भुकेलं माणूस बघत नाही, हाताकडे बघतं. डाव पातेल्याच्या कडेला घासून सपाट करायचा, पण तो सपाट केलेला दिसू द्यायचा नाही. डाळ तळातून ढवळून आधी वडिलांना, कारण त्यांना काम शोधत दिवसभर उन्हात फिरायचं असे. मग धाकट्याला, कारण तो सारखा आजारी पडायचा. मधल्या बहिणीला वरची, थोडी पातळ, पण तिला बटाट्याची मोठी फोड, म्हणजे ती डाळीकडे बघणार नाही. बटाट्याची सालं वेगळी परतायची, त्यात कांदा घालून, म्हणजे दोन पदार्थ झाल्यासारखं वाटतं. ताटात भात पसरून वाढायचा नाही, मध्ये उंच ठेवायचा. डाव तळाला लागला की होणाऱ्या आवाजावरून किती उरलंय ते तिला न बघता कळे. आणि कुणी "अजून" म्हणायच्या आत आपण "आता बास" म्हणायचं. कारण त्यांनी आधी म्हटलं तर नाही म्हणणं फार जड जातं. ती चटकन, कोरड्या आवाजात म्हणायची, "बास आता, उद्याला हवं." तिच्या आवाजातला तो कोरडेपणा त्याच वर्षी आला. पुढं एक स्थळ आलं होतं, बरा मनुष्य होता, छापखान्यात होता. त्यानंही कुणाजवळ तरी म्हटलं म्हणे, मुलगी चांगली आहे पण बोलते ते हात राखून.

आणि आई? आई इस्पितळातून येताना अंगावरच्या कपड्याच्या खिशात, रुमालात गुंडाळून, रुग्णांच्या उरलेल्या पावाच्या दोन फोडी आणायची. रोज नाही, कधीमधी. दारातच बसायची, पायातलं काढायच्या आधी रुमाल सोडायची, आणि मधली, धाकटा दोघं तिच्या अंगावर झेपावायची. ती हातानं तुकडे मोडून त्यांच्या तोंडात घालायची. माप नाही, हिशेब नाही, एकाला मोठा एकाला छोटा, आणि कुणी रडायचं नाही. आई गेली तेव्हा धाकट्यानं तोच पाव आठवून हंबरडा फोडला होता. आई द्यायची आणि ताई वाढायची. दिवसभराचं सगळं अन्न ताईच्या हातून जायचं आणि आईच्या हातून पावाचा एक तुकडा. पण आठवण राहिली ती पावाची. यात कुणाची चूक नव्हती. बसचा वाहक तिच्या थांब्याचं नाव ओरडला तेव्हा ती एकदम उठली आणि खांबाला धरून उभी राहिली, कारण तिच्या लक्षात आलं होतं की या सगळ्या आठवणीत एक गोष्ट नाही. वडिलांचं पोचा पडलेलं ताट दिसत होतं, मधलीचं फुलाच्या नक्षीचं, धाकट्याचा कानाचा वाडगा. तिचं स्वतःचं ताट दिसत नव्हतं.

पुढचे काही दिवस ती ते शोधत राहिली. कापड आखताना, खडू थांबवून. ताट कुठलं होतं, कुठं बसायची, भिंतीला टेकून की चुलीकडे तोंड करून. काही म्हणजे काही आठवेना. शेवटी तिनं मधलीला परदेशात फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "मी कुठल्या ताटात जेवायचे गं?"

"तू?" मधली म्हणाली. "तू आमच्याबरोबर बसायचीस का?" आणि मग घाईघाईनं, "काय ते जुनं उगाळत बसतेस ताई? सोड ना. तब्येत बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे," ताई म्हणाली.

कारखान्यात काम कमी होत चाललं होतं. लोकांनी मुलांना नवे गणवेश घेणं थांबवलं होतं. जुन्याच विजारींची मुडपलेली खालची दुमड उसवून त्या लांब करायच्या, बस. रस्त्यानं शाळेला जाणाऱ्या मुलांच्या घोट्यापाशी दिसणारा तो गडद पट्टा, दुमडीत दडून राहिल्यानं न विटलेला, ती ओळखायची. तिच्याच हातानं कापलेलं कापड असायचं ते. हल्ली ज्याच्या त्याच्या पायाशी तो पट्टा. मालकानं गुरुवारी सुट्टी द्यायला सुरुवात केली, बिनपगारी. ताईनं तक्रार केली नाही. एकट्या बाईला असं लागतं तरी किती. गुरुवारी ती एकदाच शिजवायची आणि दोनदा खायची.

मग धाकट्याची नोकरी गेली. तो फ्रीज दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होता. एका सकाळी तिचं शटर वर गेलंच नाही. त्यानं हे ताईला सांगितलं नाही. सांगितलं भावजयीनं, दीड महिन्यानं, कारखान्याच्या जिन्यात, मधल्या सुट्टीत. ती कधी इथं आली नव्हती. भिंतीला टेकून उभी होती, पर्स पोटाशी घट्ट धरून.

"ताई, मला शिकवा," ती म्हणाली.

"काय शिकवू?"

"पुरवायचं कसं ते." ती खाली बघत होती. "मी माहेरी असलं कधी बघितलं नाही. मी करते ते एकतर मध्येच संपतं, नाहीतर उरतं आणि खराब होतं. परवा पोरीच्या ताटात दुसऱ्यांदा घालायला नव्हतं, तर मी तिच्यावरच ओरडले. ओरडायला नको होतं." आणि एकदम तिचे डोळे भरले. "त्या दिवशी आम्ही हसलो तुम्हाला. मला तेव्हा कळलं नाही हो."

ताईनं तिला सगळं सांगितलं. डाळ किती वेळ भिजवायची म्हणजे फुगते, शिळ्या पावाचं काय करायचं, भात उंच ठेवायचा. शिलाई मशिनींची घरघर वरून येत होती आणि जिन्यात उभ्या उभ्या दोघी भाताबद्दल बोलत होत्या. पण भावजय निघाली तेव्हा ताईनं तिचा दंड धरला. "एक कर. शिजव तू, पण वाढू नकोस. वाढायला त्याला लाव."

"त्यांना? त्यांनी कधी साधं पाणी वाढलं नाही ताई."

"म्हणूनच. तू वाढलंस तर पोरगी जन्मभर तुझा हात लक्षात ठेवील."

भावजयीनं मान हलवली आणि ती गेली. ताई वर जाऊन टेबलाशी उभी राहिली. आपण सांगितलं ते शहाणपणाचं होतं की सूड होता, हे तिला ठरवता येईना. दोन्ही असेल. त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी तिची एक रेघ चुकली आणि चाळीस बाह्या अर्ध्या बोटानं आखूड झाल्या.

धाकटा आला तो गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमाराला. तिच्या खोलीत एकच खुर्ची. ती त्याला देऊन ती पलंगाच्या कडेवर बसली. तो वाळला होता. पाणी दिलं ते त्यानं नुसतं हातात धरून ठेवलं.

"हिला तूच सांगितलंस ना? मला वाढायला लाव म्हणून?"

"हो."

"पंधरा दिवस झाले." त्यानं पेला खाली ठेवला. "पोरगी हाताकडे बघते. माझ्या तोंडाकडे बघतच नाही. काल माझ्याकडून तिच्या आईला जरा जास्त पडलं, तर दोघींच्या ताटांकडे आळीपाळीनं बघत बसली. बोलली काही नाही. मला घास उतरेना."

खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं, ते दूर जाईपर्यंत दोघंही ऐकत राहिले.

"एक विचारू? रागावू नकोस," तो म्हणाला. "आम्ही बाहेर गेल्यावर तू काय खायचीस?"

"कधी?"

"तेव्हा. आम्ही हात धुवायला खाली नळावर जायचो ना, तेव्हा. एकदा मी मध्येच परत आलो. तू चुलीशी बसली होतीस, दाराकडे पाठ करून. पातेलं मांडीत. खात होतीस. मग मी रोज बघायला लागलो, दाराच्या फटीतून. कुणाला सांगितलं नाही, मधलीलासुद्धा नाही. पण मला वाटायचं, ही आम्हाला मापून देते आणि चांगलं ते मागं स्वतःला ठेवते. मापटं हे नाव मीच पाडलं. सहा वर्षांचा होतो." त्यानं एक मोठा श्वास घेतला. "आता मी वाढतो आणि मला शेवटी काहीच उरत नाही. म्हणून विचारतो. तुला कसं उरायचं?"

चुलीशी. पाठ दाराकडे. म्हणजे ताट नव्हतंच. इतके दिवस ती शोधत होती ते नव्हतंच. तिच्या मांडीला पातेल्याचा उबदार तळ लागला, काजळीचा वास आला.

"खरवड होती रे ती," ती म्हणाली. "तळाला लागलेला भात."

"वास तर छान यायचा."

"भुकेल्याला सगळ्याचा वास छान येतो. जळका असायचा. डावानं निघायचा नाही, तो मी बोटांनी खरवडून खायचे."

त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. खुर्चीत तो पुढं झुकला, कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि दोन्ही तळव्यांत तोंड घातलं. "जळका," तो हातांतल्या हातांत म्हणाला. "आणि मी बायकोला, पोरीला… इतकी वर्षं… ताई, तू एकदा तरी बोलायचंस." त्याचे खांदे हलत होते. तो पोक्त, टक्कल पडलेला, नोकरी गेलेला माणूस रडत होता, आणि थोड्या वेळानं तो डोळे पुसून वर बघेल तेव्हा त्याच्या नजरेत आपण कोण असू हे ताईला आत्ताच दिसत होतं. पाव आणणाऱ्या आईच्या शेजारी बसवलेली आणखी एक. फक्त गप्प राहायचं होतं. तेवढं तिला येत होतं.

पण भात होत आला की त्याचा आवाज बदलतो. आधी बुडबुडे, मग नुसती फुसफूस, मग तळाशी बारीक तडतड. ती तडतड सुरू व्हायच्या आत पातेलं उतरवायचं, हे तिला तेराव्या वर्षीच पक्कं कळलं होतं. ती चुलीशी उभी राहायची, फडकं हातात घेऊन, आणि ऐकायची. आतून वडील विचारायचे, "झालं का गं?" आणि ती म्हणायची, "होतंय." फडकं हातातच. तडतड वाढायची. भांड्याला लागलेल्यावर कुणाचा वाटा नसतो.

"काही दिवस मी मुद्दाम लागू द्यायचे," ती म्हणाली.

त्यानं हात खाली घेतले. "म्हणजे?"

"उतरवायची वेळ कळायची मला. तरी उतरवायचे नाही. रोज नाही, आठवड्यातनं एखाददोनदा. जेवढा खाली लागायचा तेवढा तुमच्यातनं कमी व्हायचा." तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा निघाला. "तू फटीतून बघितलंस ते काही खोटं नव्हतं."

खोलीत ऊन खुर्चीच्या पायापर्यंत आलं होतं. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याची नजर तिच्या तोंडावरून सरकून तिच्या मांडीवर पडलेल्या उजव्या हातावर आली. ती तिला कळली. हात मागं घ्यावासा वाटला, पण तिनं तो तसाच ठेवला.

"पोट भरायचं का तुझं?" त्यानं विचारलं.

असा प्रश्न आपल्याला कुणी विचारील म्हणून तिनं कधी तयारीच केली नव्हती.

"नाही रे," ती शेवटी म्हणाली. "तेवढ्यानं कुठलं भरतंय."

"हं," तो म्हणाला. आणखी काही म्हणेल म्हणून ती थांबली, पण तो उठला. दाराशी वाकून त्यानं चपला घातल्या, उगाच जरा जास्त वेळ लावून. "येतो," म्हणाला. रविवारी ये म्हणाला नाही. विसरला असेल, किंवा अजून ठरलं नसेल त्याचं. जिन्यातली पावलं खाली खाली गेली.

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तो रस्त्यावर आला, पण थांब्याकडे वळला नाही. समोरच्या भिंतीला एक हात लावून, मान खाली घालून तो बराच वेळ तसाच उभा होता, आणि येणारेजाणारे त्याला वळसा घालून जात होते. मग चालू लागला. वर त्यानं बघितलं नाही. कोपऱ्यावर दिसेनासा झाला तरी ती तिथंच उभी होती. हलकं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण पातेलं हलकं वाटावं तसं. सगळ्या घरात जी एकच गोष्ट फक्त तिची होती, जिच्यावर कुणाचा वाटा नव्हता, तीसुद्धा आज तिनं वाढून टाकली होती.